तरवडावर बसलेल्या टाचणीविषयी

सप्रेम आशीर्वाद.

तुझे फोटो नीट पाहिले. ओढा कोरडा ठणठणीत, आसपास पाण्याचा थेंब नाही, आणि ऐन मे महिन्यात तरवडाच्या काडीला ही तपकिरी टाचणी, म्हणजे चतुराची ती सडपातळ नातलग, लटकलेली. ‘वाट चुकली असेल’ असं तू लिहिलंस. नाही गं, ती बरोबर जागी आहे. उन्हाळा ती अशीच काढते. मराठवाड्यात टाचण्यांचा अभ्यास करायचा असेल, तर तळ्याकाठी जाण्याआधी ही रखरखीत झुडपं चाळायला शीक.

आधी ओळखीचं बोलू. चतुर पंख आडवे सपाट पसरून बसतो. आपल्याकडच्या बहुतेक टाचण्या पंख पाठीवर मिटून घेतात. तुझी टाचणी ज्या गटातली आहे, ती लेस्टिस मात्र पंख अर्धवट उघडे ठेवून, अंग तिरकं खाली सोडून बसते. लांबूनही ही ढब कळते. रात्री किंवा वारा-पाऊस असेल तेव्हा तीही पंख मिटते, म्हणून नुसत्या बसण्यावर विसंबू नकोस. भिंग घे आणि पंखाच्या टोकाजवळचा गडद ठिपका बघ. इतर टाचण्यांचा ठिपका बहुधा चौकटच्या आकाराचा आणि शिरांमधल्या जेमतेम एका घराएवढा असतो. लेस्टिसचा लांबट असतो, त्याच्याखाली अशी दोन किंवा जास्त घरं येतात. हे एकदा नजरेत बसलं की कुळाबद्दल शंका राहत नाही.

जात ठरवणं मात्र सोपं नाही, आणि इथेच बहुतेक जण घाई करतात. आपल्या कोरड्या भागात व्हिरिड्युलस, अम्ब्रिनस, इलॅटस, प्रीमॉर्सस ही लेस्टिसच्या जातींची नावं तुझ्या कानावर येतील. व्हिरिड्युलसच्या छातीवर चकचकीत हिरवी, अरुंद, सरळ कडेची पट्टी असते. इलॅटसची पट्टी रुंद असते. प्रीमॉर्ससच्या पक्व नराचे डोळे निळेशार, आणि अंगावर फिकट भुकटी धरलेली. पण रंग वयाप्रमाणे बदलतो. मे महिन्यातली ही मंडळी बहुधा मातकट-तपकिरी असतात आणि तीच पुढे पावसात निळी-हिरवी होतात. त्यामुळे रंगावरून नाव ठेवू नकोस. शेवटचा निवाडा नराच्या शेपटीच्या टोकाला असलेल्या चिमट्यावर होतो. त्याच्या वरच्या दोन भुजा कशा वळल्यात, आतल्या कडेला दात कुठे आहे, खालच्या भुजा किती आखूड आहेत, हे वरून आणि बाजूनं दोन्हीकडून दिसायला हवं. फ्रेझर या कीटक-अभ्यासकानं १९३३ साली भारतातल्या टाचण्यांचं वर्णन केलं, तेव्हाही या चिमट्यांची चित्रं काढून ठेवली. तुझ्या एकाही फोटोत चिमटा स्पष्ट नाही. म्हणून मी जात सांगत नाही, आणि तूही वहीत ‘लेस्टिस’ एवढंच लिही.

आता तिच्या आयुष्याकडे ये, कारण मला खरी गंमत तिथे वाटते. युरोपातल्या लेस्टिसच्या कितीतरी जाती हिवाळा अंड्याच्या रूपात, वनस्पतीच्या काडीत काढतात. आपल्याकडे अडचण थंडीची नाही, पाण्याची आहे. पावसाळी डबक्यात वाढलेली टाचणी पंख फुटल्यावर पाण्यापाशी थांबत नाही. ती गवतात, बाभळीखाली, बोरी-तरवडाच्या जाळीत निघून जाते आणि महिनोन्महिने तिथेच राहते. बारीक माश्या पकडून खाते, पण जोडी जमवत नाही, अंडी पिकत नाहीत. बहुतेक टाचण्यांचं पंखधारी आयुष्य काही आठवड्यांत संपतं. ही मात्र अख्खा उन्हाळा पार करून मृगाची वाट बघते. सुकल्या काडीवर तपकिरी अंग लपतंही चांगलं. दोन पावलांवर असूनही ती आपल्याला दिसत नाही.

पाऊस पडला, खड्ड्यात पाणी साचलं, लव्हाळा उगवला की सगळं भराभर होतं. नर चिमट्यानं मादीची मान धरतो, आणि जोडी तशीच जुळलेली राहून काडीवर उतरते. मादीच्या शेपटीखाली बारीक करवतीसारखा अवयव असतो. तो ती काडीत खुपसते, एक अंडं आत सोडते, थोडं सरकून पुन्हा खुपसते. ओल्या लव्हाळ्यावर एका रेषेत आलेले हे टोचल्याचे वण भिंगाशिवायही दिसतात. पिल्लू बाहेर पडून पाण्यात जातं. ते सडपातळ आणि चपळ असतं, शेपटीला तीन चपटे कल्ले. खालचा ओठ इतका लांब की दुमडला तरी मधल्या पायांपर्यंत पोचतो. तो झटकन पुढे टाकून डासाच्या अळ्या पकडतं. डबकं आटायच्या आत वाढ पुरी करायची असल्यामुळे ते सतत हिंडत खात असतं.

असं हिंडणं माशांच्या तोंडी जाण्याची वाट आहे. म्हणून तिला बिनमाशाचं, हंगामी पाणी लागतं. डास मारायला डबक्यात गप्पी सोडले की ही पिल्लं उरत नाहीत. प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यात पाणी भरपूर असतं, पण काठाला काडी नसेल तर अंडी घालायची कुठे? लोक जायकवाडीला पक्षी बघायला जातात, ते चांगलंच आहे. पण बांधाकडेचा लव्हाळ्याचा खड्डा, जुन्या खदानीतलं पाणी, पाझर तलावाचा उथळ गवताळ कोपरा, यांच्याकडे कुणी वळून बघत नाही. तू बघ. बालाघाटाच्या उतारांवर आणि गौताळा अभयारण्याच्या बाजूला अशा जागा अजून आहेत.

पुढचे आठवडे असं कर. आत्ता, पाऊस यायच्या आधी, ती जाळी पुन्हा सकाळी लवकर चाळ. काडीची उंची, झाड कोणतं, सगळ्यात जवळचं पाणी किती लांब, तारीख, हे सगळं लिहून ठेव. पहिल्या पावसानंतर दर आठवड्याला त्याच रस्त्यानं जा आणि डोळ्यांचा रंग कधी निळा पडायला लागतो ते टिप. नर हातात घ्यायचा तर चारही पंख एकत्र हलकेच धर, चिमट्याचे फोटो घे आणि लगेच सोड. ज्याचे पंख अजून मऊ आणि काचेसारखे चमकतायत त्याला अजिबात हात लावू नकोस, तो कायमचा अधू होतो. पिल्लं घरी वाढवणार असशील तर प्रत्येकाला वेगळी वाटी दे आणि आत एक उभी काडी ठेव. एकत्र ठेवलीस तर एकमेकांना खातात, आणि काडी नसेल तर कात टाकायला वर चढता येत नाही. नळाचं पाणी वापरू नकोस, त्याच डबक्याचं आण.

चिमट्याचा स्पष्ट फोटो मिळाला की पाठव, मग जातीचं बोलू.

तुझा,
काका