हे वाक्य कुणाचं?

नाशिक

चि. लेखिकेस,
अनेक आशीर्वाद.

तुझं हस्तलिखित सावकाश वाचून काढलं. आईवर लिहायला बसलीस, तेही अशा आईवर, याचा मला फार आनंद झाला. नाशिकरोडला नवरा, सासू आणि लेक असताना लासलगावात खोली घेणारी, पुरुषांच्या घोळक्यात उभी राहून कांद्याची बोली लावणारी, रविवारी घरी आली की आधी पेपरातले बाजारभाव बघणारी बाई मराठीत फारशी कुणी लिहिलेली नाही. ती लिहिली गेली पाहिजे, आणि तूच ती लिहू शकतेस. म्हणून हे पत्र थोडं कडक होईल.

पहिल्या काही पानांतच तू तिला खंबीर, बंडखोर, स्वाभिमानी, काळाच्या पुढची आणि तऱ्हेवाईक म्हणून मोकळी झालीस. यातलं एकही विशेषण तुझं नाही. ‘तऱ्हेवाईक’ तुमच्या कॉलनीतल्या बायकांचं. ‘काळाच्या पुढची’ हे आठ मार्चच्या सत्कारात, शाल-श्रीफळ देताना म्हणतात तसं. ‘स्वाभिमानी’ बहुधा मामाचं, बहिणीची बाजू घेताना उच्चारलेलं. चाकोरीबाहेर जगणाऱ्या बाईबद्दल घरात, गल्लीत, नातेवाइकांत इतकं बोलून झालेलं असतं की लेक लिहायला बसेपर्यंत सगळे शब्द आधीच वापरलेले असतात. ते तुझ्या हातात आयते येतात आणि तुला वाटतं, आपणच लिहितोय. म्हणून प्रत्येक वाक्यापाशी थांबून एवढंच विचार: हे वाक्य कुणाचं?

सगळ्यात जास्त हा प्रश्न ‘तिनं आम्हाला सोडलं’ या वाक्याला विचार. ते तुझ्या लिखाणात पुन:पुन्हा येतं, दुखऱ्या जागी येतं, आणि मला खात्री आहे की ते तुझ्या आजीचं आहे. लहानपणापासून ऐकलंस, म्हणून ते तुला स्वतःच्या दुःखासारखं वाटतं. पण तूच पुढे लिहिलेलं काय सांगतं? ती आठवडाभर लासलगावला राहायची. रविवारी मनमाडकडून येणाऱ्या गाडीनं नाशिकरोडला उतरायची आणि सोमवारी पहाटे परत जायची. तुझी फी, आजीची औषधं तिच्या पैशातून व्हायची. याला ‘सोडणं’ म्हणायचं की नाही, हे तू ठरव. कदाचित म्हणशील, आठ वर्षांच्या मुलीला मंगळवारी रात्री ताप आला असेल तर रविवारची आई कुठे पुरते? तसं असेल तर ते वाक्य तुझं होईल, पण मग त्या मंगळवारच्या रात्रीनंतर येईल. आधी नाही.

याच्या उलट, काही ठिकाणी तू तिला मराठीच्या आडोशाला लपवलं आहेस. आपल्या भाषेत ही सोय फार आहे. आपण ‘ती चिडली’ म्हणण्याऐवजी सहज ‘तिला राग आला’ म्हणतो. राग जणू बाहेरून चालत आला आणि तिच्यावर येऊन बसला. तू लिहितेस, ‘त्या दिवशी आईचा हात उठला.’ हात आपोआप उठत नाही, बाळा. तिनं तुला मारलं. कशानं मारलं, कुठे मारलं, त्याआधी तू काय बोलली होतीस, ते लिही. ‘तिनं मला मारलं’ हे कर्त्यासकट सरळ वाक्य लिहायला तुला जड जाईल, कारण ते लिहिताना आपण तिच्यावर फिर्याद करतोय असं वाटेल. तसं नाही. जी बाई आपल्या निर्णयांची कर्ती होती असं तुला सांगायचं आहे, तिचं कर्तेपण चांगल्या कामांपुरतं ठेवून वाईट वेळी काढून घेता येणार नाही.

इथे मला एका जुन्या छायेबद्दल बोललं पाहिजे. 1933 च्या फेब्रुवारीत साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ आपल्या नाशिकच्या तुरुंगात, पाच दिवसांत लिहून काढलं. तेव्हापासून मराठीत आईवर लिहिणारा प्रत्येकजण त्या पुस्तकाच्या सावलीत बसतो, वाचलेलं असो की नसो. माझं त्या पुस्तकावर प्रेम आहे. पण आपण वाचकांनी त्या आईला फार मऊ करून टाकलं. पोहायला जायच्या भीतीनं लपून बसलेल्या श्यामला ती मारून बाहेर काढते, हे आपण विसरतो आणि तिनं पुढे काढलेली समजूतच तेवढी लक्षात ठेवतो. गुरुजींनी मात्र मार आणि माया दोन्ही लिहिलं. तुझ्या शेवटच्या प्रकरणात आई अचानक तुझ्या केसांवरून हात फिरवत रडते, ते मला त्या पुस्तकातूनही आलेलं वाटत नाही. त्या पुस्तकाच्या आपण केलेल्या आठवणीतून आलेलं वाटतं. ती खरंच रडली का? रडली असेल तर ठेव. नसेल तर आजच काढ.

आता क्रियापदं. ‘आई पहाटे उठे, चहा करी, गाडीला जाई.’ अशी वाक्यं कानाला गोड लागतात, पण त्यांत माणूस धूसर होतो. ‘उठे-करी-जाई’ म्हटलं की आई पोथीत जाऊन बसते. ‘उठायची-करायची’ म्हटलं तर निदान घरात राहते, तरी सगळे दिवस एकसारखे होतात. वेगळ्या वळणाच्या आईच्या बाबतीत हे फार नुकसान करतं, कारण तिचं वेगळेपण सवयीत नसतं, एखाद्या ठरावीक दिवशी तिनं जे केलं त्यात असतं. तुझ्याकडे असा एक दिवस आहे: 2023 चा डिसेंबर, कांद्यावर निर्यातबंदी आली आणि लासलगावातले लिलाव बंद पडले, तो दिवस. ते पान उत्तम आहे. तिथे सगळी क्रियापदं साधी आहेत: ती आली, बसली, फोन उलटा ठेवला, जेवली नाही. त्या पानावर तू एकही विशेषण वापरलेलं नाहीस, हे तुझ्या लक्षात आलं होतं का?

सगळ्यात मोठी गोष्ट तिच्या बोलण्याची. तिचं माहेर सटाण्याकडचं. तू मला तिच्याबद्दल सांगतेस तेव्हा तिची नक्कल करताना तुझ्या तोंडी अहिराणी येते, ‘तुले काय करनं शे?’ हे तू असं म्हणतेस की मला ती समोर दिसते. आणि कागदावर? ‘तुला त्याच्याशी काय कर्तव्य आहे?’ सटाण्याची बाई पुण्याच्या निवृत्त मुख्याध्यापिकेसारखी बोलायला लागते. ही शाळेची भाषा आहे, आम्हा शिक्षकांनीच ती तुमच्या हातात घट्ट बसवली. तिच्या तोंडून ती काढून टाक. पण सरसकट सगळीकडे अहिराणी पेरूही नकोस. ती कुठे बोलायची, कुठे बोलायची नाही, याचा नीट विचार कर. सासूशी ती कधीच अहिराणी बोलली नाही, असं तू एकदा म्हणाली होतीस. खळ्यावरच्या हमालांशी, भावाशी आणि रागावली की तुझ्याशी बोलायची. म्हणजे तू तिच्या रागाच्या वर्तुळात, तिच्या माहेरच्या माणसांत होतीस. एवढं मोठं नातं तू प्रमाण मराठीत पुसून टाकलंस.

आणि तिच्या धंद्याचे शब्द! गोल्टी, उन्हाळ कांदा, कांद्याची चाळ, खळं, पावती. हे शब्द तू वापरतेस, पण लगेच समजावून सांगतेस, पाहुण्यांना घर दाखवावं तसं. थोडा विश्वास ठेव वाचकावर. ट्रॅक्टरच्या रांगेतून व्यापाऱ्यांचा घोळका पुढे सरकतोय, ती दोन कांदे उचलून हातात दाबून बघते, पापुद्रा चोळते आणि आकडा बोलते, हे नीट लिहिलंस की ‘गोल्टी’चा अर्थ आपसूक कळतो. तिनं घरातही तीच भाषा वापरली ना? नात्यातल्या एका मुलाच्या स्थळाबद्दल ती म्हणाली होती, ‘वरून लाल आहे, चाळीत टिकणार नाही.’ हे वाक्य तू एका कोपऱ्यात टाकलंस. मी असते तर त्याच्याभोवती प्रकरण रचलं असतं. आई जगाकडे कुठून बघते ते या एका वाक्यात आहे, आणि ते वाक्य दुसऱ्या कुणाचंच असू शकत नाही.

एक छोटी पण महत्त्वाची बाब. माझ्याशी बोलताना तू तिला ‘वहिनी’ म्हणतेस. काका-आत्या म्हणायचे म्हणून तूही म्हणायला लागलीस. आपल्याकडे एकत्र घरांत हे जुनंच आहे. लिहिताना मात्र तू सगळीकडे ‘आई’ केलंस. मला वाटतं, लोकांना विचित्र वाटेल म्हणून. अरुंधती रॉय यांनी 2025 मध्ये आपल्या आईवर, मेरी रॉय यांच्यावर, आठवणींचं पुस्तक लिहिलं. मेरी रॉय यांनी केरळात कोट्टयमला शाळा उभी केली, सिरियन ख्रिस्ती स्त्रियांच्या वारसाहक्कासाठी त्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढल्या आणि 1986 मध्ये जिंकल्या. शाळेत इतर मुलांप्रमाणे लेकीलाही त्यांना ‘मिसेस रॉय’ म्हणावं लागे, आणि पुस्तकातही त्या बहुतेक वेळा ‘मिसेस रॉय’च राहतात. त्या हाकेत धाकही आहे, अंतरही आहे, अभिमानही. तुझ्या ‘वहिनी, तू कधी येणार?’ मध्येही असंच बरंच आहे. दिराच्या नात्यातली हाक आणि लेकराचं ‘तू’ एका वाक्यात. ते परत आण. ‘आई’ हा शब्द राखून ठेव. तू तिला खरंच तशी हाक मारलीस त्या जागेसाठी, अशी जागा असेल तर.

धीर हवा असेल तेव्हा लक्ष्मीबाई टिळकांकडे जा. जन्म 1868 चा, माहेर नाशिकजवळचं जलालपूर. त्यांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ 1934 पासून भागाभागानं आलं. त्यात वडिलांचं टोकाचं सोवळं आहे, नवऱ्याचा संताप आहे, तो 1895 मध्ये ख्रिस्ती झाल्यावरची ताटातूट आहे. त्या कुणाला झाकत नाहीत आणि कुणावर निकालही देत नाहीत. काय घडलं, कोण काय बोललं, ते घरात बसून सांगावं तसं सांगतात आणि पुढे जातात. त्यांची लकब उचलू नकोस, ती तुला शोभणार नाही. फक्त एक बघ: राग आलेल्या जागी त्यांची वाक्यं लांबत नाहीत.

तुझ्या आईला हे वाचून दाखवावं का, असं विचारलं होतंस. दाखव, पण पूर्ण झाल्यावर. अर्धवट असताना दाखवलंस तर तिच्या चेहऱ्याकडे बघत लिहशील. ती म्हणेल, असं नव्हतं झालं. तिची हरकत तिच्याच शब्दांत लिहून घे आणि पटली नाही तरी पुस्तकात ठेव. वडिलांबद्दल तू जवळपास काहीच लिहिलेलं नाहीस, ते मला चालेल. आजीला मात्र थोडी जागा दे. आठवडाभर घर तिनं सांभाळलं, तिच्याही वाक्यांवर तिचं नाव असायला हवं.

पुढच्या वेळी येताना लिलावाचं प्रकरण नव्यानं लिहून आण. त्याआधी मामाला भेट आणि तिनं पहिल्यांदा बोली लावली त्या दिवसाबद्दल विचार. तो अहिराणीत बोलेल तसंच उतरवून घे, मराठी नंतर बघू.

तुझी
बाई