आमच्या शहरातल्या प्राण्यांच्या शेल्टरला जागा पुरत नाहीये, वाढवायला लोकांकडून देणगी कशी जमवायची?

आधी शेल्टरकडे 80जी, म्हणजे देणगी देणाऱ्याला इन्कम टॅक्समध्ये सूट मिळवून देणारी नोंदणी, आहे का ते बघा, कारण मोठी रक्कम देणारा माणूस पहिलं तेच विचारतो. 2000 रुपयांच्या वर कॅश घेतली तर त्याला टॅक्समध्ये सूट मिळत नाही, म्हणून यूपीआय नाहीतर चेकच घ्या, आणि पावती त्याच दिवशी पाठवा.

दुसरं म्हणजे "शेल्टर वाढवायचंय" असं मोघम मागू नका. आम्ही तसं मागितलं तर महिनाभर पाचशे-हजारच येत होते, मग एका केनेलचा, म्हणजे कुत्र्यांना ठेवायच्या एका खोलीचा, खर्च काढला, जाळी, कोबा, पत्रे, पाण्याचा हौद सगळं धरून, आणि मागच्या दोन पायांनी अधू झालेल्या एका कुत्रीचा फोटो टाकून सोसायटीच्या ग्रुपवर फिरवला, तर एका आजोबांनी बायकोच्या वर्षश्राद्धाला अख्खं केनेल दिलं. दारावर नाव लावतो म्हटलं की लोक देतात, खोटं कशाला बोलू.

कंपन्यांच्या सीएसआरमध्ये, म्हणजे त्यांनी समाजकार्यासाठी ठेवलेल्या पैशात, प्राणी कल्याण बसतं, पण आधी आपल्या संस्थेला सीएसआर-1 हा नोंदणीचा फॉर्म भरावा लागतो. परदेशातला भाचा भारतीय पासपोर्टवर असेल तर त्याचे पैसे चालतात, तिथला नागरिक झाला असेल तर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी घ्यायची सरकारी परवानगी, नसताना एक रुपयासुद्धा घेऊ नका.

आणि हो, बांधकामाचे पैसे आणि रोजच्या खाण्या-औषधांचे पैसे वेगळे ठेवा, आम्ही तिथेच गंडलो होतो.