डेंग्यू रोखायला खर्च किती? अंदाजपत्रक असं करा

प्रश्न : पाथर्डी फाट्याजवळच्या आमच्या वसाहतीत ६०० घरं आहेत. पावसाळ्यात डेंग्यू प्रतिबंधाची मोहीम घ्यायची आहे. औषध आणि धुराचं यंत्र धरून अंदाजपत्रक केलंय. पुरेल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही पुरणार. औषध हा यातला किरकोळ खर्च आहे. टेमिफॉस हे अळीनाशक ५० टक्के असेल तर १० लिटर पाण्यात २.५ मिलि पुरतं. हे द्रावण चौरस मीटरला २० मिलि, म्हणजे १० लिटरमध्ये ५०० चौरस मीटर होतं. (हे प्रमाण लिफ्टच्या खड्ड्यातल्या, बांधकामावर साचलेल्या पाण्यासाठी, पिण्याच्या टाकीत हे टाकायचं नाही.) धुराने फक्त उडते डास मरतात, अळ्या तशाच राहतात. यंत्राचा खर्च वगळा आणि रुग्ण आढळला की महापालिकेच्या मलेरिया विभागाला कळवा.

खरा पैसा लागतो दारोदार फिरणाऱ्या माणसांना. अंड्याचा डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात, म्हणून फेरी आठवड्याला हवी. फ्रिजमागचा ट्रे, कुंड्यांखालच्या बशा, गच्चीवरची पिंपं नीट बघायची तर घरामागे १० मिनिटं जातातच. दोघांची जोडी चार तासांत २४ घरं करते. ६०० घरांना २५ पाळ्या झाल्या. पाचातलं एक घर बंद मिळेल असं धरा, त्यासाठी आणखी ५. एका फेरीला अशा ३० पाळ्या, प्रत्येकी दोन माणसं. हंगामाचे १६ आठवडे धरले तर १६ फेऱ्यांचे ९६० अर्धे दिवस. ३०० रुपये मानधन धरलं तर २,८८,००० रुपये, म्हणजे घरामागे हंगामाला ४८०.

कार्यकर्ते फुकट येतात म्हणून इथे शून्य मांडू नका. रोख खर्च एका रकान्यात, मिळालेल्या वेळेची किंमत दुसऱ्यात लिहा. गणपतीत मंडळाची पोरं मंडपात अडकली की पैसे देऊन माणसं लावावी लागतात, आणि ती रक्कम ऐनवेळी उभी राहत नाही. फवारणीचा पंप पाच वर्षं टिकणार असेल तर यंदा त्याच्या किमतीचा पाचवा भागच धरा.

प्रश्न : फेऱ्या पंधरवड्याने केल्या तर?

उत्तर : खर्च निम्मा होईल, पण घरच्यांनी दर आठवड्याला कोरडा दिवस (पाणी साठवायची सगळी भांडी रिकामी करायचा दिवस) पाळला तरच. नुसतं पाणी ओतून भागत नाही. अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरडी राहूनही महिनोन् महिने टिकतात, त्यामुळे आतून घासायलाच हवं. दर फेरीत १०० घरांमागे अळ्या असलेली भांडी किती, याची नोंद ठेवा. आकडा उतरत नसेल तर पुन्हा आठवड्यावर या.