खानापूरच्या घरून बेळगावच्या दुकानातली टॅली कशी वापरावी?

तुम्ही म्हणताय, घरून टॅलीत (हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये) काम फार हळू चालतं. व्हीपीएन (इंटरनेटवरून दुकानाच्या नेटवर्कशी जोडणारी सुरक्षित वाट) जोडून दुकानातलं डेटा फोल्डर घरच्या टॅलीत उघडताय, म्हणून एकेक व्हाउचर (व्यवहाराची नोंद) सेव्ह व्हायला इतका वेळ लागतोय. तसं करूच नका. मध्येच लाईन तुटली तर डेटा बिघडू शकतो, आणि खानापुरात पावसाळ्यात वीज-नेटचा काय भरवसा!

टॅली दुकानातल्याच कॉम्प्युटरवर चालू द्या. व्हीपीएनवरून रिमोट डेस्कटॉपने (दुसरीकडचा कॉम्प्युटर आपल्या स्क्रीनवरून चालवायची विंडोजची सोय) तिथं शिरा. मग फक्त स्क्रीनचं चित्र इकडे येतं, नेट गेलं तरी टॅली तिकडे चालूच राहते. दुकानातल्या त्या मशीनला विंडोजची प्रो आवृत्ती लागेल, होम आवृत्ती चालत नाही. तुम्ही आत असताना दुकानातली स्क्रीन लॉक होते, तेव्हा बिलिंग संपल्यावर रात्रीच बसा.

राउटरवर ३३८९ पोर्ट (रिमोट डेस्कटॉपचं दार) कृपा करून इंटरनेटला उघडू नका, रॅन्समवेअरवाले (डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणारे) तेच शोधत असतात. दुकानाच्या नेटला पब्लिक आयपी (बाहेरून थेट पोचता येईल असा पत्ता) नसेल तर टेलस्केल लावा, त्या पत्त्याशिवाय चालणारं व्हीपीएन आहे ते. दुकानात यूपीएस मात्र हवाच.