घड्याळातली एचआरव्ही: वडिलांची कमी, मुलाची जास्त

वय ५८. रोज पहाटे अजिंक्यतारा चढतो. तरी घड्याळात माझी एचआरव्ही (हार्ट रेट व्हेरिएबिलिटी, हृदयाच्या ठोक्यांमधल्या अंतराचा चढउतार) २४ आणि दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या २७ वर्षांच्या मुलाची ६१. हृदयात बिघाड आहे का? (शाहूपुरी, सातारा)

नुसत्या या आकड्यावरून तसं म्हणता येत नाही. मनगटावर दोन बोटं ठेवून सावकाश श्वास घ्या. श्वास आत घेताना नाडी किंचित पळते, सोडताना रेंगाळते. व्हेगस नावाची नस हृदयाला असा लगाम लावत असते. दोन ठोक्यांमधलं अंतर असं कमीजास्त होतं, ते घड्याळ मिलिसेकंदांत मोजतं. वयाबरोबर हा लगाम सैलावतो. विशीतला आकडा साठीपर्यंत निम्म्यावर येणं नेहमीचंच. शिवाय सगळ्या कंपन्यांची मोजणीची रीत एक नाही, त्यामुळे दोन वेगळ्या घड्याळांचे आकडे शेजारी मांडूच नका. गड चढणं चालू ठेवा. चढताना छातीत दाब आला, तर मात्र लगेच तपासून घ्या.

आम्ही दोघं ४१ चे. माझी नाडी ७६, यांची ६६. म्हणजे माझी एचआरव्ही कमीच असणार ना? (कराड)

तसं गृहीत धरू नका. बायकांची नाडी सरासरीने जलद असते, तरी त्यांच्या चढउतारात व्हेगसचा वाटा तुलनेने मोठा आढळतो. पन्नाशीनंतर स्त्री-पुरुषांतला हा फरक कमी होतो. तुमचा आकडा महिन्यातही हलेल: पाळीआधीच्या दोन आठवड्यांत बहुतेकींची नाडी थोडी वाढते, एचआरव्ही उतरते. तेव्हा तुलना मागच्या महिन्यातल्या त्याच दिवसांशी करा, यांच्याशी नको.

हिल मॅरेथॉनच्या सरावात एका रात्री आकडा पडला. पळू का? (सातारा)

पळा. तीन-चार दिवस खालीच राहिला किंवा अंगात कणकण असेल, तर यवतेश्वरचा घाट सोडून सपाटीवर चाला.

वडील ७२ चे. आकडा २५ च्या आसपास असायचा, आठ दिवसांपासून ११० दाखवतोय. हृदय तरुण झालं म्हणायचं का? (कोरेगाव)

नाही. या टपालातलं हेच पत्र मला सगळ्यात काळजीचं वाटलं. या वयात आकडा असा एकदम उसळला, की ठोक्यांचा ताल बिघडल्याची शंका आधी घ्यायची. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये ठोके वेडेवाकडे पडतात आणि घड्याळ तो गोंधळ एचआरव्ही म्हणून मोजतं. पूर्ण एक मिनिट त्यांची नाडी धरून बघा. ठोका कधी लवकर, कधी उशिरा, असा कुठलाच ताल न धरता लागत असेल, तर शंका आणखी पक्की. या आजारात हृदयात रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूत जाऊ शकते, अर्धांगवायू होतो. वेळेत कळलं तर रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांनी तो धोका बराच कमी होतो. नाडी नीट लागली तरी उद्याच ईसीजी काढा. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला किंवा जीभ अडखळली, तर उद्याची वाट न बघता १०८ ला फोन करा.