नवा पोर्टेबल हेडफोन ॲम्प घेतला, आवाज नुसता मोठा झाला, चांगला नाही. काय चुकतंय?

तुम्ही लिहिलंय की फोनच्या ३.५ मिमी जॅकमधून ॲम्पला वायर, ॲम्पमधून ३२ ओहमचे इअरफोन, गेनचं बटण ‘हाय’वर आणि फोनचा व्हॉल्यूम निम्म्यावर. आवाज दणदणीत झाला, पण गाणं सपाट वाटतं, मागे सतत ‘स्स्स’ चालू असतं. आणि दुकानदार म्हणतो, शंभर तास वाजू द्या, मग खुलेल. पैसे पाण्यात गेले का?

गेले नसावेत. जोडणी मात्र जवळजवळ सगळी उलटी झालीय. मीही पहिला महिना अशीच काढलेली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

फोनपासून सुरू करा. ॲम्प समोर येईल ते मोठं करतो, त्याला गाणं आणि कचरा यातला फरक कळत नाही. माइकसमोर खोकलं तर खोकलाच मोठा होतो, तसं. फोनचा व्हॉल्यूम निम्म्यावर ठेवला की गाणं बारीक होतं, पण फोनच्या सर्किटची स्वतःची खरखर तेवढीच राहते. मग ते दोन्ही मिळून ॲम्पकडे जातं आणि ॲम्प इमानेइतबारे दोन्ही मोठं करतो. तेव्हा फोन पूर्ण वर, फार तर एखादी पायरी खाली ठेवा, आणि आवाज कमीजास्त करायचा तो फक्त ॲम्पच्या नॉबने. नॉब आधी शून्यावर आणा, गाणं लावा, मग हळूहळू वाढवा. हा क्रम कृपया चुकवू नका, नाहीतर कानात बॉम्ब फुटतो.

आता गेन. ‘हाय’ म्हणजे जास्त चांगलं असं आपल्याला आपोआप वाटतं, मिक्सरच्या तीन नंबरसारखं. इथे तसं नाही. गेन म्हणजे आलेला व्होल्टेज किती पट करायचा, एवढंच. इअरफोन ३२ ओहमचा आणि त्याची संवेदनशीलता समजा १ मिलिवॅटला १०५ डेसिबल असेल (खोक्यावर लिहिलेलं असतं, बघा), तर तेवढा आवाज काढायला जेमतेम ०.१८ व्होल्ट लागतात. आणि १०५ डेसिबल म्हणजे कान दुखतील इतका आवाज. साधा फोनचा जॅकसुद्धा अर्धा व्होल्ट सहज देतो. म्हणजे तुमच्या इअरफोनला ताकद कमी पडतच नव्हती. वर तुम्ही ती आणखी वाढवताय.

हाय गेनचा दुसरा त्रास नॉबमध्ये होतो. आवाज इतक्या लवकर वाढतो की तुम्हाला नॉब सातआठच्या काट्यापुढे नेताच येत नाही. अगदी सुरुवातीच्या टोकाला स्वस्त-महाग बहुतेक सगळ्याच ॲनालॉग पॉटमध्ये (नॉबच्या मागचा, आवाज कमीजास्त करणारा फिरता भाग) डावी-उजवी बाजू नीट जुळलेली नसते. गायिका मध्यावर उभी असायला हवी, ती डाव्या कानाकडे सरकते. लो गेनवर तोच आवाज दहा ते एकच्या काट्यात येतो आणि तिथे दोन्ही बाजू सारख्या होतात. घड्याळाच्या भाषेत सांगतोय, कारण नॉबवर आकडे असतीलच असं नाही.

‘स्स्स’ कुठून येतं हे शोधायची एक घरगुती युक्ती आहे. रात्री पंखा बंद करा, हे महत्त्वाचं, कारण आपल्याकडे छताच्या पंख्याखाली कुठलीच खरखर ऐकू येत नाही आणि माणूस उगाच खूश राहतो. फोनवर गाणं थांबवा, वायर जोडलेलीच ठेवा, इअरफोन कानात घाला आणि ॲम्पचा नॉब हळूहळू फिरवा. नॉबबरोबर ‘स्स्स’ वाढत-कमी होत असेल, तर ते नॉबच्या आधीच येतंय, म्हणजे फोनमधून किंवा वायरीतून. नॉब कुठेही नेला तरी ते तितकंच राहत असेल, तर तो ॲम्पचा स्वतःचा गोंगाट आहे, आणि तुमचे इअरफोन इतके तल्लख आहेत की त्यांना तो ऐकू येतो. पहिल्या प्रकारात वर सांगितलेला उपाय. दुसऱ्यात लो गेन करून बघा. तरीही राहिला तर हा ॲम्प त्या इअरफोनसाठी नाही, इतकं सरळ आहे.

ॲम्प आणि फोन रबरबँडने एकमेकांवर बांधत असाल तर अजून एक आवाज येईल: ‘टर्र टर्र टर्र’, मेसेज यायच्या जरा आधी. ते २जीचं सिग्नल आहे. रेंज कमी झाली की काही सिम २जीवर उतरतात आणि फोनचा ट्रान्समीटर सेकंदाला साधारण २१७ वेळा चालू-बंद होतो, ते ॲम्पच्या तारा पकडतात. दोन्ही जरा लांब ठेवले की संपलं.

तुमच्या ॲम्पला यूएसबी-सी इनपुट आहे का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. हल्लीच्या बहुतेक मॉडेलांना असतं. असेल तर जॅकची वायर विसरा. सी टू सी केबलने जोडलं की फोन फक्त आकडे पाठवतो, आणि त्या आकड्यांचा आवाज ॲम्पमधली डॅक नावाची चिप करते. फोनचं कचऱ्याचं सर्किट वाटेतून बाजूलाच होतं. फक्त दोन गोष्टी बघा. खोक्यातली केबल नुसती चार्जिंगची नसावी, आणि काही फोनमध्ये ओटीजी (यूएसबीला बाहेरचं उपकरण जोडायची सोय) हे सेटिंगमध्ये जाऊन चालू करावं लागतं, शिवाय वापर नसेल तर ते थोड्या वेळाने आपोआप बंद होतं. ‘ॲम्प बिघडला’ म्हणून दुकानात धावणारे निम्मे लोक इथे अडकलेले असतात, असा माझा आपला अंदाज.

अँड्रॉइड नेहमी सगळा आवाज, गाणं असो की नोटिफिकेशनची टिंग, एकत्र मिसळून बहुतेक वेळा ४८ किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला आवाजाचे ४८ हजार नमुने, असा बदलतो. सीडीचं गाणं मूळचं ४४.१ चं. अँड्रॉइड १४ पासून, म्हणजे २०२३ पासून, यूएसबीवर ते न बदलता पाठवायची सोय आली, पण ॲपनेही ती वापरायला हवी. काही स्वतंत्र प्लेअर ॲप हे आधीपासून करतात. खरं सांगायचं तर मला स्वतःला हा फरक डोळे मिटून सांगता येत नाही. करायचं तर करा, पण सावध: न बदलता पाठवण्याच्या मोडमध्ये फोनची व्हॉल्यूमची बटणं कधी कधी चालतच नाहीत आणि गाणं पूर्ण ताकदीने बाहेर पडतं. पहिल्यांदा इअरफोन कानाबाहेर ठेवूनच लावा. माझ्या डाव्या कानात त्या रात्री तासभर ‘कुंई’ वाजत होतं.

सपाटपणाबद्दल मला वेगळीच शंका आहे. फोनच्या साउंड सेटिंगमध्ये जाऊन बघा, ‘डॉल्बी’ किंवा तत्सम काही चालू आहे का. पुष्कळ फोनमध्ये ते मुळातच चालू असतं, आपण लावलेलं नसतं. शिवाय कुणी बास वाढवून ठेवलाय का. आजची गाणी आधीच काठोकाठ भरून रेकॉर्ड केलेली असतात. त्यात इक्वलायझरने बास सहा डेसिबल वर केला की वरची टोकं कापली जातात आणि आवाज फाटतो. बास हवाच असेल तर त्याच ॲपमध्ये ‘प्रीॲम्प’ नावाची पट्टी तेवढीच, म्हणजे सहा डेसिबल, खाली घ्या. स्पॉटिफायमध्ये व्हॉल्यूम लेव्हल ‘लाउड’वर असेल तर तिथेही लिमिटर (आवाजाची टोकं दाबणारा) लागतो, ‘नॉर्मल’ करा. आणि डेटा सेव्हर बंद करून क्वालिटी सर्वांत वरची निवडा.

माझ्याकडे दोन जोड्या आहेत. एक तुमच्यासारखे कानात घालायचे. दुसरा सेनहायझर एचडी ६००, १९९७ चं मॉडेल, मी सेकंडहँड घेतलेला, ३०० ओहमचा. कंपनी सांगते की त्याला १ व्होल्ट दिला तर ९७ डेसिबल आवाज. फोनवर तो वाजतो, नाही असं नाही. विलंबित ख्याल चालू असतो तोवर सगळं ठीक. पण बडा ख्याल संपून द्रुत आला, तबलजीने चाटीवर एक कडक थाप मारली, की ती थाप जिथे सुटी उभी राहायला हवी तिथे ती गाण्यातच दबून जाते. फोनकडे त्या एका क्षणासाठी लागणारा व्होल्टेजच नसतो. ॲम्प लावला आणि आवाज तेवढाच ठेवला, तरी थाप सुटी झाली, डग्ग्याची घुमक ओढली जाताना शेवटपर्यंत ऐकू आली. तोच ॲम्प इअरफोनला लावला तर काडीचा फरक नाही, उलट ‘स्स्स’ बोनस. म्हणून म्हणतो, ॲम्पने आवाज ‘खुलतो’ तो ज्या हेडफोनची अडचण होती त्याचा. ज्याची नव्हती त्याचा खुलून खुलून काय खुलणार?

तुलना करताना एक फसगत टाळा. दोन आवाजांत जो किंचित मोठा, तो आपल्याला चांगला वाटतो. कमी आवाजात कानाला खर्ज आणि तार दोन्ही कमी ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलं. त्यामुळे ॲम्पसह आणि ॲम्पविना आवाज सारखा केल्याशिवाय निकाल देऊ नका. मल्टिमीटरने मोजता येतो, पण तो पिवळा स्वस्तातला नको, त्यात एसीची सगळ्यात खालची रेंजच २०० व्होल्टची असते. नसेल तर दुसऱ्याला नॉब फिरवायला सांगा आणि तुम्ही डोळे मिटा. ऐकायला तानपुरा लावा, गाणं नको. जवारी नीट लागलेल्या तारेतून एकामागून एक स्वर उलगडत जातात. ते सुटे ऐकू आले तर तुमची जोडणी साफ आहे, नुसती एकच ‘झूं’ आली तर कुठेतरी घोटाळा आहे.

शंभर तासांचं म्हणाल तर ॲम्पमध्ये तेवढ्याने कानाला कळेल असं काही बदलत नाही. तुमचा कान सरावतो. आणि बहुतेक ठिकाणी बदलून देण्याची मुदत सात दिवसांची असते. रोज दोन-तीन तास ऐकलंत तर शंभर तास व्हायला महिना-दीड महिना जाईल. दुकानदाराचं गणित मला तिथे कळतं.

एक शेवटची गोष्ट, आणि तुमच्या बाबतीत मला वाटतं हीच मोठी आहे. इअरफोनच्या रबरी टिप. त्या कानात हवाबंद बसल्या नाहीत तर खर्ज अक्षरशः बाहेर गळून जातो आणि गाणं पातळ, सपाट होतं. मग माणूस आवाज वाढवत बसतो, ॲम्प विकत घेतो. खोक्यात तीन मापं असतात, आपण मधलं लावतो आणि बाकीची पुडी खणात टाकतो. ती पुडी शोधा. कानाची पाळी वर आणि मागे ओढून इअरफोन आत घाला, सोडा, मग स्वतःशीच दोन शब्द बोला: आवाज डोक्यात घुमला तर बसलं. दोन्ही कानांना वेगवेगळं माप लागलं तरी आश्चर्य वाटून घेऊ नका, माझ्या उजव्याला मोठं लागतं.

आधी हे, मग गेन, मग फोनचा व्हॉल्यूम, एका वेळी एकच बदल. आणि ॲम्पचं मॉडेल इथे टाका, यूएसबीचं मग नेमकं सांगता येईल.