दगडी फायरप्लेस: आधी हातोडा खाली ठेवा

घरातली जुनाट, भिंतभर दगडी फायरप्लेस बघून पहिला विचार तोडण्याचाच येतो, माझाही आला होता. पण थांबा. धुराडं त्या दगडांवर टेकलंय का, हे जाणकाराला दाखवल्याशिवाय एकही दगड हलवू नका.

सुरुवात धुण्यापासून करा. साधा साबण, कोमट पाणी, ताठ ब्रश (तारेचा नको, ओरखडे पडतात). निम्मा जुनाटपणा काजळीचाच असतो. मग पंधरा दिवस नुसतं बघा.

तरी खुपतंय? मग चुन्याचा पातळ हात. दगडावर पाणी शिंपडा. शोषलं तर चुना धरेल, ओघळलं तर आधीचं सीलर (पाणी मुरू न देणारा थर) आहे, चुना टिकणार नाही. ऑइलपेंट मात्र सुरुवातीला नकोच: सच्छिद्र दगडातून तो पुन्हा निघता निघत नाही.

नवशिक्यांच्या नेहमीच्या चुका:
- कोपऱ्यात नमुना न लावता सगळी भिंत रंगवणं
- आगीच्या पोकळीत साधा रंग. तिथे उष्णतारोधकच हवा.
- फायरप्लेसवरची लाकडी फळी आगीच्या पोकळीच्या तोंडाला खेटून बसवणं. किमान 15 सेंटीमीटर सोडा, जास्त पुढे आलेल्या फळीला आणखी; तुमच्याकडचा नियम बघून घ्या.

अवाढव्यपणा कमी करायला बऱ्याचदा फळी बदलणं आणि शेजारच्या भिंतींचा रंग दगडाशी जुळवणं पुरतं. टाइल्स, प्लास्टर वगैरे नंतर बोलू. धुऊन झालं की फोटो टाका.